चार बोटांचा ब्रेक

अण्णांच्या गाडीला डिस्क ब्रेक बसवायचं माझ्याच डोक्यातून निघालं होतं. पुढं जे झालं ते त्याच ब्रेकमुळं, हे आधीच सांगून टाकतो, कारण सात महिने मी ते कुणालाही सांगितलं नाही. त्या सात महिन्यांत आमच्या भागातल्या लोकांना एका काळ्या कुत्र्याबद्दल मात्र भरपूर माहिती मिळाली.

अण्णा म्हणजे माझे वडील. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते पट्टीबंधक होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण लोकांनी त्यांना घरी बसू दिलं नाही. येडशीच्या आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत कुठंही गाय अडली, म्हैस अडली की मोठ्या डॉक्टरांना फोन लावायच्या आधी लोक आमच्याकडं लावायचे. अण्णांचा उजवा हात लांब आणि सडपातळ, बोटं शिंप्याची वाटावीत अशी. तो हात कोपराच्या वरपर्यंत आत घालून ते पोटात आडवं झालेलं वासरू सरळ करायचे, आणि तेही डोळे मिटून. "आत डोळ्याचं काय काम न्हाय," असं त्यांचं म्हणणं. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे, ते दर वेळी "डॉक्टर न्हाय, पट्टीबंधक" अशी दुरुस्ती करायचे, लोक मान डोलवायचे आणि पुन्हा डॉक्टरच म्हणायचे.

माझं गॅरेज येडशीच्या फाट्यावर आहे. तेल बदलणारे, पंक्चर काढणारे पुष्कळ आहेत. माझं नाव झालं ते एका गाडीचं सामान दुसऱ्या गाडीला बसवण्यात. गाडी बनवणाऱ्यांनी आमचे रस्ते बघितलेले नसतात. ते बनवतात एका माणसासाठी आणि आमच्याकडं तिच्यावर दोन माणसं, एक खताचं पोतं आणि दुधाची किटली बसते. मग मी भंगारातून दुसऱ्या मोठ्या गाडीचे शॉकअप आणायचे, लेथवाल्याकडून मापाचं बुश काढून घ्यायचं आणि असे बसवायचे की जणू कारखान्यातूनच तसे आलेत. मला या कामाचा माज होता. दुसरा शब्द सापडत नाही, माजच.

अण्णांची गाडी शंभर सीसीची, वीस वर्षांची. तिचा पुढचा ब्रेक नुसता नावाला होता. जुन्या पद्धतीचा, ड्रममध्ये लायनर घासणारा. अण्णा चारही बोटांनी ब्रेकचा दांडा मुठीला टेकेपर्यंत आवळायचे, मग ती गाडी तिच्या सवडीनं थांबायची. मी तिची केबल किती वेळा ताणली असेल, मोजदाद नाही. चार दिवसांत पुन्हा तेच. सारखं आवळून त्यांच्या तळहाताला दांड्याच्या बाजूनं घट्टा पडला होता.

गेल्या वर्षी पावसाळ्यात रामलिंगच्या रानातल्या उतारावर त्यांच्या पुढं उसाची रिकामी ट्रॉली अचानक थांबली. यांनी ब्रेक आवळला, गाडी काही ऐकेना, मग त्यांनी ती सरळ चारीत घातली. घरी आले ते चिखलानं माखलेले आणि हसत. "माकडं बघत हुती सगळी. त्यांची करमणूक झाली," म्हणाले. मला हसू आलं नाही. मी त्यांच्यावर ओरडलो. नवी गाडी घ्या म्हणालो. ते म्हणाले, "माझ्या पायाला हिचा गिअर ठावा हाय. नवी गाडी म्हंजी नवी सून. ह्या वयात कुणाचं मन सांभाळत बसू?"

मग मीच हट्टाला पेटलो. गाडी तीच ठेवायची, पण तिला थांबायला शिकवायचं.

धाराशिवच्या भंगारात अपघातातली एक दीडशे सीसीची गाडी पडली होती. मागून चेपलेली, पुढून कोरी. तिचे पुढचे शॉकअप, चाकाचा हब, डिस्क आणि ती आवळणारा कॅलिपर असं सगळं सोडवून आणलं. ब्रेकच्या तेलाची नळी लांब होती, म्हणून ती तिसऱ्याच गाडीची घेतली. शॉकअप ज्यात बसतात तो हँडलच्या खालचा गाळा जुळेना, तर लेथवाल्याच्या डोक्यावर बसून तो जुळवून घेतला. मागं गॅसचे शॉकअप टाकले, बोटभर उंच. तीन दिवस मी दुसऱ्या कुणाच्या गाडीला हात लावला नाही. नळीतली हवा काढताना तर मी दांडा इतक्या वेळा दाबला की जेवताना माझीच बोटं थरथरत होती. शेवटी गाडी उभी केली तेव्हा ती ऐटीत उभी होती, पोळ्याच्या बैलासारखी.

हायवेवर नेली, साठला नेली, ऐंशीला नेली. रामलिंगच्या त्याच उतारावर तीनदा उतरवली. एका बोटानं थांबत होती. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की रस्त्याच्या कडेला थांबून मी एकटाच हसलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्या उस्तादांकडं मी काम शिकलो त्यांनीच घालून दिलेली. ब्रेक बदलला की गाडी आधी आपण चालवायची, आणि मग गिऱ्हाईकाला चालवायला देऊन आपण मागं बसायचं. उस्ताद म्हणायचे, "गाडी तेरे हात को नहीं, उसके हात को समझनी चाहिए." परक्या माणसाच्या मागं मी मुकाट्यानं बसायचो. त्याच्याकडून दहा वेळा थांबवून घ्यायचो, त्याचा हात नव्या ब्रेकला सरावला की मगच गाडी ताब्यात द्यायचो.

अण्णांच्या मागं मी बसलो नाही.

ते गॅरेजवर आले तेव्हा पाच-सहा माणसं होती. मी त्यांना सगळ्यांसमोर पुढच्या वळणापर्यंत जाऊन यायला लावलं. येताना त्यांनी अलगद दांडा दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, लोक "वा डॉक्टर!" म्हणाले. अण्णा उतरले, दांड्याकडं बघत म्हणाले, "लई हलका हाय रे."

"हलका न्हाय, ताकदीचा हाय. आता आवळायचं न्हाय. दोन बोटं बास."

"व्हय व्हय."

झाली शिकवणी. मी पुढच्या गाडीकडं वळलो. घरचा माणूस, त्याला काय एवढं समजवायचं? परक्या गिऱ्हाईकाला दिला असता तेवढा वेळही मी माझ्या बापाला दिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि केबल ताणताना मी त्यांचा तो घट्टा कितीदा बघितला होता! त्या हाताला आवळण्याशिवाय दुसरं काही माहीत नाही, हे मला नाही तर कुणाला कळायचं?

अकराव्या दिवशी ते पडले.

सोयाबीनचे दिवस होते. आमच्याकडं त्या दिवसांत रस्ता हेच खळं असतं. मळलेलं सोयाबीन लोक डांबरावर वाळत घालतात, निम्मा रस्ता दाण्यांना, निम्मा गाड्यांना, आणि मधे दगडांची ओळ. कुणी तक्रार करत नाही, कारण ज्याची तक्रार त्याचंही सोयाबीन पुढच्या वळणावर असतं. अण्णा एका बैलाच्या खांद्याची जखम धुऊन परत येत होते. गाडी पडली आणि ते उजव्या हातावर आले. मनगटाचा चुरा झाला होता. धाराशिवच्या दवाखान्यात आत स्टीलची पट्टी टाकून स्क्रूंनी हाडं जुळवली. क्ष-किरणाचा फोटो बघून मला वाटलं, हे तर माझंच काम दिसतंय. वेगळ्याच जागचं सामान घेऊन जुळवलेलं.

खाटेवर पडल्या पडल्या अण्णांनी सांगितलं, "कुत्रं आडवं आलं."

आईला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. दर वेळी ते कुत्रं थोडं वाढायचं. पहिल्या दिवशी नुसतं कुत्रं होतं, दुसऱ्या दिवशी काळं झालं, आठवड्यात मागच्या पायानं लंगडायलाही लागलं. आईनं आमच्या गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला भाकरी टाकणं बंद केलं. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात कधी हायवे ओलांडला नव्हता.

गाडी आणायला मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. तिथं रस्ता बघितला. मेकॅनिकला रस्ता वाचता येतो. पुढच्या चाकाची हातभर काळी रेघ होती, सरळ, आणि ती सोयाबीनच्या दाण्यांपाशी संपत होती. मागच्या चाकाची खूणच नव्हती. म्हणजे पुढचं चाक जाम झालं, मागचं हलकं होऊन नुसतं सरकत गेलं. ते बोटभर उंच शॉकअपही मीच टाकले होते. कॅलिपरच्या फटीत सोयाबीनचे दोन दाणे अडकले होते.

दाणे राखायला एक म्हातारी बसली होती. तिला विचारलं, "मावशी, कुत्रं कुठून आलं हुतं?"

"कसलं कुत्रं बाबा? म्याच उठले की ढिगाआडून. कंबर धरली म्हणून उभी राहिले, तर त्यांनी गचकन गाडी दाबली आन् गाडी आडवी झाली. मला नखभर लागलं न्हाय. सोताचा हात मोडला आन् वर मलाच इचारतेत, लागलं का म्हणून." मग ती जवळ आली. "कुणाला सांगू नको बाबा. लोक म्हणतील, हिच्या दाण्यांनी पाडलं."

"न्हाय सांगत," म्हणालो. मला ते किती सोयीचं होतं!

तिथं उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. समोर माणूस दिसला आणि अण्णांच्या हातानं तेच केलं जे तो वीस वर्षं करत आला होता. चारही बोटं, मुठीला टेकेपर्यंत. जुना ब्रेक असता तर गाडी तिच्या सवडीनं थांबली असती. म्हातारीला कदाचित धक्का लागला असता, कदाचित ती बाजूला झाली असती, मला माहीत नाही. हे 'माहीत नाही' मी फार दिवस चघळलं. त्यानं काही बरं वाटलं नाही.

प्लास्टर निघालं, पण मूठ मिटेना. अण्णांना एका हातानं भाकरी मोडता येईना. आई त्यांना कणकेचा गोळा दाबायला द्यायची. ते ओसरीवर बसून तो दाबत राहायचे, आणि गोळ्यावर बोटांचे ठसेसुद्धा नीट उमटायचे नाहीत. मनगट वळायचं तेवढं वळेल, त्याच्या पुढं नाही, असं डॉक्टर म्हणाले. फोन यायचे. अण्णा फोनवरूनच सांगायचे, असं करा, तसं करा. मग फोन कमी झाले. ज्याची जनावरं अडलेली असतात त्याला सल्ला नको असतो, हात हवा असतो.

आणि माझ्याकडं लोक येत होते! "अण्णांच्या गाडीसारखा ब्रेक बसवून दे." मी चार गाड्यांना बसवला. प्रत्येकाच्या मागं बसलो, वीस वीस वेळा थांबवून घेतलं, चुकला की ओरडलो. एक जण वैतागून म्हणाला, "एवढं भ्या वाटतंय तर बसवतोस कशाला?" मी त्याला गाडी घेऊन चालता हो म्हणालो. त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. अण्णांच्या गाडीचा ब्रेक मात्र मी काढला नाही. काढला असता तर लोकांनी विचारलं असतं, कुत्र्यानं पाडलं तर ब्रेक का काढलास?

अण्णा दुपारी गॅरेजवर येऊन बसायचे, डाव्या हातानं नटबोल्ट निवडायचे. एकदा एका गिऱ्हाईकानं त्यांनाच विचारलं, ब्रेक कसा आहे. अण्णा म्हणाले, "ब्रेक एक नंबर. कुत्र्याला कोण काय करणार?" माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मीही चाकात डोकं घातलं. त्यांना माहीत होतं, मला माहीत आहे. मला माहीत होतं, त्यांना माहीत आहे. तरी आम्ही दोघंही त्या कुत्र्याला रोज जिवंत ठेवत होतो.

यंदा मे महिन्यात, ऐन दुपारी, पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. गाय सकाळपासून अडली होती. डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांना दोन तास लागणार होते. अण्णा फोन ठेवून उठले आणि म्हणाले, "चल."

"अण्णा, तुमी काय करणार तिथं?"

"चल म्हणलं ना."

त्यांच्याच गाडीवर निघालो. मी पुढं आणि ते मागं, हे आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. मधे ओढा आहे, त्याला जातायेता दोन्हीकडून उतार लागतो. उतारावर त्यांची बोटं माझ्या खांद्यावर मिटायला लागली. आधी कळलंच नाही. मग कळलं की ते मागं बसून ब्रेक दाबतायत. चारही बोटांनी.

गाय आडवी पडली होती. अण्णांनी सदरा काढला, डावा हात धुतला आणि आत घातला. डाव्या हाताला ते काम येत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी हात बाहेर काढला. चेहरा घामानं भिजला होता.

"तू घाल," मला म्हणाले.

"म्या?"

"तुझा हात माझ्यासारखाच हाय. साबण लाव, कोपराच्या वर लाव. अंगठी काढ."

मी हात घातला. आत गरम होतं आणि घट्ट, काहीच समजेना. अण्णा माझ्या कानाशी बसले. "डोळं मीट. काय लागतंय?"

"पाय. एकच."

"दुसरा दुमडलाय. गुडघा शोध. कळ आली की जोर करू नको, थांब. ती थांबली की तू सरक. सापडला? आता खाली जा. खूर मुठीत झाक, न्हायतर पिशवी फाटंल. घाई न्हाय. म्या हाय हितं."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझा हात बधिर झाला, मी दोनदा जमत नाही म्हणालो, दोन्ही वेळा ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. एकदाही चिडले नाहीत. त्यांनी मला क्षणभरही एकटं सोडलं नाही. आणि मी त्यांना "दोन बोटं बास" म्हणून पाठ फिरवली होती.

वासरू निघालं. कालवड होती. अण्णांनी तिच्या नाकात काडी घातली, छाती चोळली, शेतकऱ्यानं तिला मागचे पाय धरून उलटं टांगलं. तिनं श्वास घेतलाच नाही. गाय मान वळवून तिला चाटायला लागली.

शेतकरी भला माणूस होता. म्हणाला, "गाय वाचली, लई झालं. पर अण्णा, तुमचा हात असता तर हे बी वाचलं असतं. त्या मेल्या कुत्र्यानं घात केला बघा."

"कुत्रं नव्हतं," मी म्हणालो.

माझा हात कोपरापर्यंत रक्तानं भरला होता. मी तसाच उभा होतो. "तिथं कुत्रं नव्हतंच. दुसऱ्या गाडीचा ब्रेक म्या बसवला, आन् अण्णांना नीट शिकवलं न्हाय. त्यांच्या हाताचं वाटोळं म्या केलंय."

शेतकरी अण्णांकडं बघायला लागला. अण्णा बादलीत डावा हात धूत होते. "गाईला गूळपाणी पाज," एवढंच त्याला म्हणाले.

परत निघालो. ओढ्याच्या उताराआधी त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. उतरले, पुढं येऊन उभे राहिले.

"मोकळा झालास?"

खरं तर मला तसंच वाटत होतं, थोडंसं मोकळं.

"उद्याच्याला समद्या गावात हुईल. तुझ्याकडं कोण गाडी लावंल आता?" त्यांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "माझा हात गेलाच हुता. तुझा राहावा म्हणून ते कुत्रं आणलं. सात महिनं सांभाळलं. आज तू तेबी मारलंस."

ते मागं जाऊन बसले. बराच वेळ त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला नाही, ते मागची कडी धरून बसले होते. मग उतार लागला आणि हात आला. चारही बोटं मिटली, होता नव्हता तेवढा जोर लावून. खांद्यावर लहान लेकरानं हात ठेवावा एवढाच तो दाब होता. मी गाडी हळू केली.